दुसरी प्रत

माझा कशावरही एकदम विश्वास बसत नाही. हा स्वभावदोष नव्हे, नोकरीचा परिणाम आहे. चौतीस वर्षं मी बँकेत काढली आणि त्यांतली निम्मी कार्बन पेपरच्या सहवासात. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक फायलीला, एक हेड ऑफिसला. चौथ्या प्रतीवर अक्षरांऐवजी नुसता निळा धूर उमटलेला असे. ती कशासाठी ठेवायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ती सर्वांत जपून ठेवली जाई. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला नारळ दिला, तेव्हा माझा दुसरा हात नकळत दुसऱ्या नारळासाठी पुढे झाला होता, असं आमची ही सांगते. मला आठवत नाही, पण शक्य आहे.

हिचं सगळंच उलटं. हिची नोंदवही नाही, यादी नाही, प्रत नाही. वस्तू टिकवायची तर ती वाटून टाकावी, असं काहीतरी हिचं शास्त्र आहे. आमच्या घरचं विरजण म्हणे हिच्या सासूच्या, म्हणजे माझ्या आईच्या हातचं. अधूनमधून ते बिघडतं. मग ही समोरच्या बिऱ्हाडात वाटी पाठवते आणि तिथून विरजण येतं, कारण त्यांचं मूळ विरजण आमच्याकडून गेलेलं. याला मी अनेक वर्षं गलथान कारभार समजत आलो. या समजुतीचं पुढे काय झालं, तेच सांगायचं आहे.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. माझी थोरली बहीण तिथं तळमजल्यावर राहत होती. माणसं वेळेवर बाहेर पडली. पण घरचे फोटोंचे अल्बम कपाटाच्या खालच्या खणात होते. पाणी ओसरल्यावर ताईनं ते उघडायचा प्रयत्न केला, तर तीन पिढ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. माझ्या मुंजीतला मी आणि ताईच्या लग्नातला बँडवाला असे एकजीव झालो होतो की, कोणाचा पाय कोणता हे ठरवता येईना. वाचला तो माळ्यावरचा बिस्किटांचा एक डबा, आणि त्यात एक कॅसेट.

ती कॅसेट १९८४ च्या दिवाळीतली. मित्राचा टेपरेकॉर्डर उसना आणून मी आईला जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या होत्या. पिठाची गिरणी येऊन तेव्हा जमाना झाला होता. पण जातं फिरल्याशिवाय मला ओवी सुचत नाही, असं तिनं बजावलं आणि मूठभर गहू घेऊन बसली. त्यामुळं कॅसेटवर जात्याची घरघर आहे, मागं एक कावळा आहे, दूधवाला आहे, आणि अगदी सुरुवातीला माझा आवाज आहे: "आई, बोल, चालू झालंय." त्यावर आई विचारते, "काय बोलू?" आणि मग बेचाळीस मिनिटं थांबत नाही.

ती कॅसेट मी पुण्याला घेऊन आलो. जुन्या फिती संगणकावर उतरवून देणाऱ्या गृहस्थानं ती उजेडात धरून पाहिली आणि डॉक्टर बोलतात त्या सुरात म्हणाला, "एकदा वाजेल. दुसऱ्यांदा सांगता येत नाही." ती एकदा वाजली आणि परत गुंडाळताना तीन ठिकाणी तुटली. आता आई होती ती संगणकातल्या एका फायलीत. एकाच. कार्बनशिवाय! मला रात्रीची झोप लागेना.

हिच्या बहिणीचा मुलगा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला मी फोन केला. तो म्हणाला, "काका, सोपं आहे. तुमचा जुना संगणक आहे ना? त्याचा सर्व्हर करू. डेबियन टाकू आणि दोन डिस्कचा रेड करू."

'रेड' म्हटल्यावर बँकेत काम केलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं, तेच माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण हा 'रेड' छाप्यातला नव्हे. १९८८ साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की एक भलीमोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळशा स्वस्त डिस्का एकत्र जुंपाव्यात, आणि त्यांतली एखादी मेली तरी काम अडू नये अशी व्यवस्था करावी. रेडमधल्या 'आय' या अक्षराचा अर्थ त्यांनी 'स्वस्त' असा दिला होता. पुढं डिस्का विकणाऱ्यांना तो शब्द जड गेला असावा. त्या 'आय'चा अर्थ 'स्वतंत्र' असा सांगितला जाऊ लागला. मुलगी सावळी असली की स्थळ सांगणारे तिला 'स्मार्ट' म्हणत, त्यातलाच प्रकार.

"आणि हे डेबियन केवढ्याला?" मी विचारलं.

"फुकट."

फुकट या शब्दानं मी दचकलो. बँकेत फुकट फक्त कॅलेंडर मिळतं, तेही ठेवी पाहून. मग भाच्यानं समजावलं. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली हौस म्हणून लिनक्स लिहायला घेतलं आणि जगाला वाटून टाकलं. त्यावर इयान मर्डॉक या दुसऱ्या पोरानं १९९३ मध्ये डेबियन उभं केलं. नाव कुठून आलं? तर त्याच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा आणि स्वतःचं इयान. दोन्ही जोडून डेबियन. स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला, "बघा! नाहीतर तुम्ही. स्कूटरवर माझं नाव घाला म्हटलं, तर 'पाण्यानं रंग जातो' म्हणालात."

डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' या चित्रपटांतल्या खेळण्याचं नाव देतात. माझ्या वाट्याला २०२३ ची आवृत्ती आली. तिचं नाव बुकवर्म, म्हणजे पुस्तकी किडा. खातेवहीत जन्म घालवलेल्या माणसाला याहून योग्य जोडीदार मिळाला नसता.

मग भाच्यानं रेडचे प्रकार सांगितले. त्यांना लेव्हल म्हणतात. लेव्हल शून्यात मजकुराचे तुकडे करून दोन डिस्कांत वाटून ठेवतात. काम झपाट्यानं होतं. पण दोघींतली एक गेली की सगळंच गेलं. वडिलांचं मृत्युपत्र मधोमध फाडून दोन भावांनी अर्धं अर्धं घ्यावं, तसं हे. याला रेड म्हणणं म्हणजे उधारीला बचत म्हणणं. लेव्हल एक म्हणजे आरसा. जे एका डिस्कवर, तेच तसंच्या तसं दुसरीवर. हे ऐकताच माझे डोळे भरून आले. हा तर माझा कार्बन!

लेव्हल पाचनं मात्र माझ्यातल्या कारकुनाला जिंकलं. त्यात किमान तीन डिस्का लागतात. समजा, पहिलीवर चार हा आकडा आहे, दुसरीवर सात. मग तिसरीवर बेरीज अकरा लिहून ठेवायची. दुसरी जळाली, तर अकरातून चार वजा करून सात परत मिळतात. खरं गणित बेरजेचं नसून सम-विषमाचं असतं, आणि बेरजेचं काम एकाच डिस्कवर न टाकता सर्वांत फिरवून दिलेलं असतं. पण तत्त्व तेच. खातेवहीतला आकडा उंदरानं खाल्ला, तर आम्ही एरवी काय करत होतो? लेव्हल सहामध्ये असे दोन ताळे ठेवतात, म्हणजे दोन डिस्का गेल्या तरी चालतं. मी लेव्हल सहावर अडून बसलो. पण तिला किमान चार डिस्का लागतात हे कळल्यावर हिनं पेन्शनचा आकडा मोठ्यानं उच्चारला आणि आम्ही लेव्हल एकवर उतरलो.

मी चार टेराबाइटच्या दोन डिस्का आणल्या. "म्हणजे आता आठ टेराबाइट जागा झाली," ही म्हणाली.

"नाही, चार."

"आठाचे पैसे देऊन चार? आणि त्या भाजीवाल्याशी तुम्ही दोन रुपयांसाठी भांडता!"

याला उत्तर नव्हतं. मी दोन्ही डिस्कांचे नंबर नोंदवहीत उतरवत बसलो. नंबर लागोपाठचे होते; कोऱ्या नोटांच्या बंडलासारखे. मी हे कौतुकानं भाच्याला सांगितलं, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, एकाच घाण्यातल्या दोन कशाला आणल्या? एकीत जो दोष, तोच दुसरीत असायचा, आणि दोघी एकदमच आजारी पडायच्या." मी दुकानात परत गेलो आणि एक डिस्क बदलून दुसऱ्या कंपनीची मागितली. "काही खराब आहे का?" दुकानदारानं विचारलं. "नाही, दोघींचं गोत्र एक निघालं," मी म्हणालो. त्यानं निमूटपणे बदलून दिली.

रविवारी भाचा आला. रेड चालवायला पूर्वी खास कार्ड घेत. तो म्हणाला, नको. कार्ड जळालं तर तसलंच कार्ड शोधत फिरा. सॉफ्टवेअरच्या रेडमध्ये प्रत्येक डिस्क आपण कोणत्या कुळातली हे स्वतःच्याच अंगावर लिहून ठेवते. उद्या संगणक मेला, तर दोघींना उचलून लिनक्सच्या दुसऱ्या कुठल्याही संगणकात बसवा, त्या एकमेकींना ओळखतात. माणसांत ही सोय नाही. आमचे दोन चुलते गेली वीस वर्षं एकाच गल्लीत राहून एकमेकांना ओळखत नाहीत.

हे सगळं घडवून आणणाऱ्या आज्ञेचं नाव 'एमडी-अ‍ॅडम'. नील ब्राउन नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी ती २००१ मध्ये लिहिली. 'एमडी' कानावर पडताच ही पदर सावरत बाहेर आली. "एमडी आहेत? मग माझ्या गुडघ्याचं विचारता येईल."

आज्ञा एका ओळीची होती. तयार कर, लेव्हल एक, डिस्का दोन, ही आणि ही. भाच्यानं ती मला टंकायला लावली, माझ्या हातांना सवय व्हावी म्हणून. संगणकानं विचारलं, खरंच पुढं जाऊ का? हा प्रश्न मला फार आवडला. आमच्या लग्नात अंतरपाट दूर करण्याआधी कोणीतरी तो विचारायला हवा होता. मी 'वाय'चं बटण दाबलं.

"झालं?"

"झालं. आता दोघी एकमेकींशी जुळवून घेतील. सात-आठ तास लागतील. तोवर 'कॅट' करून बघत राहा." आणि तो जेवून निघून गेला.

हे 'कॅट' म्हणजे मांजर नव्हे, फाइल वाचून दाखवण्याची आज्ञा आहे, हे हिला माहीत नव्हतं. रात्री दोन वाजता मी फोनवर भाच्याला "अरे, दर पाच मिनिटांनी कॅट करतोय, पण सदतीसच टक्के दाखवतंय" असं सांगत असताना ती जागी झाली आणि दुधाचं पातेलं झाकायला गेली. पहाटे शंभर टक्के झाले. पडद्यावर चौकटी कंसात दोन अक्षरं होती: यू यू. एक यू पहिल्या डिस्कचा, एक दुसरीचा. दोघीही खुशाल. इतक्या थोडक्या अक्षरांत इतकी खुशाली मी पूर्वी फक्त तारेत वाचली होती.

मी त्यावर फाइलपद्धती घातली आणि 'आई' नावाचं फोल्डर करून आईला तिथं नेलं. जुन्या संगणकातून ती काढून टाकली. एका घरात दोन ठिकाणी बिऱ्हाड कशाला? मग रुबाबात संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तर 'एमडी शून्य' गायब! त्याच्या जागी 'एमडी एकशे सत्तावीस' असा कोणी परका इसम बसलेला. माझ्या पोटात गोळा आला. भाचा फोनवर हसला. म्हणाला, तेच आहे, फक्त नाव सांगायचं राहिलं. नव्या रेडची नोंद त्याच्या नोंदणीच्या फायलीत करायची असते आणि सुरुवातीच्या प्रतिमेत ती उतरवायला दुसरी आज्ञा द्यायची असते; नाहीतर यंत्र त्याला शेवटून पहिला मोकळा नंबर देतं. आपल्याला नाव सांगायला कोणी सोबत आलं नाही, तर इस्पितळात आपलंही हेच होतं.

पुढचं वर्षभर सुखात गेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर डेबियन आपण होऊन दोन्ही डिस्का अक्षर न् अक्षर ताडून बघतं. त्या रात्री कोपऱ्यातून गुरगुर ऐकू येई. हिनं दोनदा उंदराचं औषध ठेवलं. मी मात्र त्या आवाजावर गाढ झोपत असे. बँकेतही ऑडिट चालू असताना मला अशीच झोप लागे.

आणि एका सकाळी मला संगणकाचंच पत्र आलं. रेड दुबळा झाला आहे. मी धावत जाऊन पाहिलं. चौकटी कंसात एक यू, आणि दुसऱ्या यूच्या जागी नुसती आडवी रेघ. कुंकू पुसल्यासारखी.

इथं बरीच माणसं घाईनं डिस्क उपटायला जातात आणि नेमकी चांगली उपटतात. कारण पडद्यावरची 'एसडीबी', 'एसडीसी' ही नावं कायमची नसतात. आज जी बी, ती उद्या संगणक चालू केल्यावर सी होऊ शकते. मी नोंदवही उघडली. मेलेल्या डिस्कचा नंबर काढला, पेटी उघडली, नंबर ताडून पाहिला, हिलाही चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लावला आणि मगच हात घातला. नवी डिस्क बसवली, 'जोड' अशी आज्ञा दिली, रात्रभर कॅट केलं. सकाळी पुन्हा यू यू. आई जिथल्या तिथं. मी त्या दिवशी घरात ज्या तोऱ्यात फिरत होतो, तो मला आता आठवूनही लाज वाटते. समोरच्या निवृत्त मामलेदारांना मी अर्धा तास लेव्हल पाच समजावून दिली. ते फक्त वर्तमानपत्र मागायला आले होते.

गर्वाचं घर रिकामं व्हायला पुढं दोनच महिने लागले.

एका दुपारी मी फोल्डरांची आवराआवर काढली. 'आई' नावाचं एक फोल्डर आणि 'आई-नवीन' नावाचं दुसरं. नवीन असताना जुनं कशाला? मी जुन्यावर पुसण्याची आज्ञा चालवली. काळ्या पडद्यावर पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, थेट पंचमहाभूतांत जातं. मग 'आई-नवीन' उघडलं. ते रिकामं होतं. कधीतरी मी ते करायला घेतलं होतं, तेवढ्यात चहा आला होता, आणि पुढं काही झालंच नव्हतं.

मी धावत जाऊन कॅट केलं. यू यू. दोन्ही डिस्का ठणठणीत! एकीनं माझी आज्ञा पाळली त्याच क्षणी दुसरीनंही पाळली होती. आरसाच तो. मी कुंकू लावलं तर त्यानं लावलं, मी पुसलं तर त्यानंही पुसलं. मी भाच्याला फोन केला. तो जरा वेळ गप्प राहिला. "काका, मी म्हणालो होतो, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेड डिस्क मेली तर वाचवतो. आपल्यापासून वाचवत नाही." हे त्यानं म्हटलं होतं, हे खरं. मी नोंदवहीत लिहूनही ठेवलं होतं. दोनदा.

"आता संगणकाला हात लावू नका, बंद करा. मी येऊन काही निघतं का बघतो," तो म्हणाला, पण त्याचा आवाज कॅसेट उजेडात धरणाऱ्या त्या गृहस्थासारखा वाटला.

मी तसाच अंधारात बसून राहिलो. चहा झाला का, असं विचारायला ही आली, तेव्हा मला सांगता येईना. आई १९९१ साली गेली, तेव्हा मी बँकेच्या तपासणीत अडकलो होतो आणि पोचायला उशीर झाला होता. आता दुसऱ्यांदा गेली, तीही माझ्याच बोटांनी. शेवटी कसंबसं सांगितलं. ही क्षणभर माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "सासूबाईंच्या ओव्या ना? वन्संना फोन लावा."

"ताईला? ताईला काय कळतंय यातलं?"

"लावा तर."

सांगलीला फोन लावला. पुरानंतर ताई दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली आहे. मी घसा साफ करून सुरुवात करतोय, तेवढ्यात तीच म्हणाली, "मोठ्यानं बोल रे, इकडं आई लागलीय."

"काय लागलीय?"

"आई! दिवेलागणीला लावते रोज. तुम्हीच नाही का भाऊबीजेला घातलंत ओवाळणीच्या पाकिटात? ते बोटाएवढं."

मी हिच्याकडं पाहिलं. भाऊबीजेला पाकीट हिनंच भरलं होतं. "तुम्ही त्या दिवशी पेन्शनच्या रांगेत होतात," ही म्हणाली. "भाच्याकडून पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. म्हटलं, त्यांचीही आईच आहे. तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही आधी पावती मागितली असती."

भाचा संध्याकाळी आला तेव्हा त्याला मी हे सांगितलं. त्यानं भुवया उंचावल्या. जाणते लोक म्हणे एक नियम पाळतात: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. "मावशी, हे तुला कोणी शिकवलं?" त्यानं विचारलं. "यात शिकवायचं काय?" ही म्हणाली आणि समोरच्या बिऱ्हाडात विरजणाची वाटी द्यायला गेली.

माझ्या नोंदवहीत आता एक नवी ओळ आहे: प्रत तिसरी, सांगली, दुसरा मजला, साखरेच्या डब्यात, ताईच्या ताब्यात. रेडही चालूच आहे. मी अजून रोज सकाळी यू यू बघतो, दूध बघावं तसं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ताईनं फोन तिच्या त्या डब्यासमोर धरला आणि म्हणाली, "थांब, पहिल्यापासून लावते." जरा खरखर झाली. मग चाळीस वर्षांपूर्वीचा मी बोललो, "आई, बोल, चालू झालंय."

"काय बोलू?" आईनं विचारलं.

आम्हां तिघांनाही काही सांगता आलं नाही.